शिंकांचा माग काढणारा डॉक्टर

जून महिना म्हटला की आपल्याकडे मृगाचा पाऊस, छत्र्यांची दुरुस्ती आणि शाळेची नवी कोरी पुस्तके आठवतात. इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या मराठी माणसाला मात्र हा महिना निराळ्याच कारणाने लक्षात राहतो. सकाळी उठावे तो एकामागून एक शिंका सुरू. नाक वाहते, डोळे चुरचुरतात, टाळूला अशी खाज सुटते की जीभ टाळूवर घासत बसावे लागते. ऐन परीक्षेच्या दिवसांत मुले एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात रुमाल घेऊन बसतात. बाहेर लख्ख ऊन पडलेले असते, शेजारचे साहेब बागेत खुर्ची टाकून बसलेले असतात आणि आपण खिडक्या लावून आत.

गंमत अशी की, आल्याआल्या हे होत नाही. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पहिली तीन-चार वर्षे इथल्या उन्हाळ्याची तोंड भरून स्तुती करीत असत. पाचव्या वर्षी त्यांना शिंकांनी गाठले. इथले पाणी बाधले म्हणून त्यांनी पाणी उकळून पिऊन पाहिले; सर्दी झाली म्हणून घरच्या मंडळींनी आले-तुळशीचा काढा दिला. काढा गुणकारी खरा, पण जिथे सर्दीच नव्हती तिथे तो बिचारा काय करणार? त्यांना झाला होता तो हे फीवर. शब्दशः अर्थ घेतला तर ‘वाळल्या गवताचा ताप’. प्रत्यक्षात यात ताप नसतो, आणि वाळलेल्या गवताचाही फारसा दोष नसतो. दोष असतो उभ्या, फुलावर आलेल्या गवताच्या परागकणांचा. ही गोष्ट आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. पण ती ज्याने प्रयोगांनी सिद्ध करून दाखवली, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे स्वतःचेच नाक, डोळे आणि दंड पणाला लावले, त्या डॉ. चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली यांचे नाव इथल्या इंग्रजांनाही सहसा सांगता येत नाही. या आठवड्यात आम्ही त्यांचेच चरित्र सांगणार आहोत.

ब्लॅकली यांचा जन्म ५ एप्रिल १८२० रोजी लँकेशायरमधील बोल्टन या गावी झाला. कापडाच्या गिरण्यांसाठी हे गाव तेव्हाही प्रसिद्ध होते. डॉक्टरकीशी मुलाचा काही संबंध येईल असे त्या वेळी कोणाला वाटले नसावे, कारण तो उमेदवारीला लागला मँचेस्टरच्या ब्रॅडशॉ आणि ब्लॅकलॉक यांच्या छापखान्यात. आगगाड्यांचे वेळापत्रक छापून ज्यांनी पुढे साऱ्या देशात नाव मिळवले तेच हे ब्रॅडशॉ. तिथे चार्ल्स छपाईचे आणि धातूच्या पत्र्यावर बारीक रेषा कोरण्याचे काम शिकला. दिवसा छापखाना आणि संध्याकाळी वर्ग, असा त्याचा क्रम होता. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मदर्शक यंत्राचा उपयोग, ग्रीक भाषा, जे मिळेल ते तो शिकला. आपल्याकडे रात्रशाळेत शिकून पुढे आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांची चिकाटी निराळीच असते.

पस्तिसाव्या वर्षी, १८५५ साली, ब्लॅकली यांनी छापखान्याला रामराम ठोकला आणि मँचेस्टरच्या वैद्यक शाळेत नाव घातले. ज्या वयात लोक मुलांच्या शिक्षणाची चिंता करू लागतात त्या वयात हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाला. १८५८ साली परीक्षा उतरून त्यांनी मँचेस्टरच्या ह्यूम भागात दवाखाना थाटला. या नावात इंग्रजीत लिहिताना एक ‘ल’ घालतात आणि बोलताना गाळतात. तिथल्या स्ट्रेटफर्ड रोडवर ते राहत. मँचेस्टरकर वाचकांना हा रस्ता माहीत असेल. त्याच दिशेने पुढे गेले की ओल्ड ट्रॅफर्डचे मैदान लागते. त्याच मैदानावर १९३६ साली विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी सलामीला २०३ धावा काढल्या आणि १९९० साली आपल्या सचिनने पहिले कसोटी शतक ठोकले. त्या मैदानावरच्या गवताचा मात्र शिंकांशी संबंध नाही. जे गवत दर दोन दिवसांनी कापले जाते त्याला फुलायला सवडच मिळत नाही.

ब्लॅकली यांनी होमिओपॅथीचा मार्ग धरला होता. त्या काळी इंग्लंडमधल्या रूढ पंथाच्या डॉक्टरांचे आणि होमिओपॅथांचे विळ्याभोपळ्याएवढे सख्य होते. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे ब्लॅकली यांच्या नशिबी जी उपेक्षा आली तिच्या मुळाशी काही अंशी हेही आहे.

या कथेला थोडी पूर्वपीठिका आहे. उन्हाळ्यात येणाऱ्या या चमत्कारिक सर्दीचे पहिले नीट वर्णन १८१९ साली लंडनच्या डॉ. जॉन बॉस्टॉक यांनी केले. रोगी होता ‘जे. बी.’ नावाचा सेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ. वयाच्या आठव्या वर्षापासून दर जूनमध्ये त्याचे हाल होत असत. हा जे. बी. म्हणजे खुद्द डॉक्टरच. रक्त काढणे, जुलाब, अफू, थंड पाण्याचे स्नान, त्या काळातले सगळे उपाय त्यांनी स्वतःवर करून पाहिले. गुण कशानेच आला नाही. नऊ वर्षांनी त्यांनी अशाच आणखी रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. साऱ्या देशातून शोधून त्यांना मिळाले ते अवघे २८. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी हा रोग इतका दुर्मिळ होता! त्यांतला एकही गरीब घरचा नव्हता. लोक म्हणत, ताज्या कापलेल्या गवताच्या वासाने हे होते. बॉस्टॉक यांना ते पटले नाही. त्यांच्या मते दोष उन्हाच्या तापाचा. म्हणून ते रॅम्सगेटच्या समुद्रकाठी उन्हाळा काढू लागले, आणि तिथे त्यांना बरे वाटले. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात गवताचे पराग नसतात हे त्यांच्या ध्यानात आले नाही. उपाय बरोबर आणि कारण चूक, असे वैद्यकात पुष्कळदा घडते.

ब्लॅकली स्वतः याच रोगाचे रोगी होते. वीसेक उन्हाळे त्यांनी शिंकत काढले होते. १८५९ साली त्यांनी ठरवले की, याचे कारण शोधायचे, आणि तेही तर्काने नव्हे तर एकेका संशयिताला समोर उभे करून. त्या काळी कारणांची यादी बरीच लांब होती. कोणी ऊन म्हणत, कोणी उजेड, कोणी धूळ, कोणी ओझोन वायू, कोणी फुलांचे सुगंध, कोणी वाळल्या गवताला ज्यामुळे वास येतो ते कुमारिन नावाचे द्रव्य. ब्लॅकली यांनी यातले एकेक घेऊन हुंगून पाहिले. कुमारिनने काही झाले नाही. ओझोनने काही झाले नाही. नुसत्या उन्हाने किंवा उजेडाने शिंक आली नाही.

धुळीचे प्रकरण मात्र मजेशीर आहे. एकदा उन्हाळ्यात ते एका फारशा वर्दळ नसलेल्या रस्त्याने चालले असता बाजूने गाडी गेली, धुळीचा लोट उठला आणि त्यांना शिंकांची उबळ आली. दुसरा कोणी असता तर धूळ हेच कारण म्हणून मोकळा झाला असता. ब्लॅकली यांनी ती धूळ घरी आणून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तिच्यात गवताचे परागकण दिसले. साधी घरातली, रस्त्यावरची धूळ हुंगून त्यांना असे होत नसे. जूनमधल्या त्या धुळीनेच होत असे. घरात फुलदाणीत ठेवलेल्या गवताच्या तुऱ्यांना चुकून धक्का लागला तेव्हाही हाच अनुभव आला. गवताचा भुरका उडाला आणि ताबडतोब नाक सुरू झाले. संशयाची सुई आता एका जागी स्थिर होऊ लागली होती.

वाटेत एक संकटही आले. ओल्या पेंढ्यावर मुद्दाम बुरशी वाढवून त्यांनी ती हुंगून पाहिली. त्यातली एक बुरशी पेनिसिलियम जातीची होती. तिने त्यांचा घसा असा धरला की आवाज पार बसला आणि छातीतही त्रास झाला. आपल्या कुठल्याही प्रयोगाला न कंटाळणाऱ्या या माणसाने तो प्रयोग मात्र पुन्हा केला नाही. बुरशीच्या कणांचेही माणसाला वावडे असू शकते हे पुढे सिद्ध झालेच. याच जातीच्या दुसऱ्या एका बुरशीने १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा सुगावा दिला, हे वाचकांना माहीत आहेच. या इस्पितळाचे नाव आमच्या कथेत पुढे पुन्हा येणार आहे.

आता परागांची पाळी. ब्लॅकली यांनी हंगामात निरनिराळ्या गवतांचे आणि इतर वनस्पतींचे पराग गोळा केले, वाळवून जपून ठेवले, आणि प्रयोग केले तेही ऐन हंगाम नसताना. या योजनेत त्यांचे शहाणपण दिसते. जूनमध्ये पराग हुंगून शिंका आल्या तर त्या हुंगलेल्या परागाने आल्या की हवेतल्या, हे कसे सांगणार? थंडीच्या दिवसांत हवा स्वच्छ असते. तेव्हा चिमूटभर पराग नाकाशी नेला आणि नाक वाहू लागले, तर दोष दुसऱ्या कोणाला देता येत नाही. आता वाचकांनी असे डोळ्यांपुढे आणावे की, वर्षातले जे नऊ-दहा महिने या रोग्याला सुखाचे म्हणून मिळतात, तेच या माणसाने आपण होऊन रोग ओढवून घेण्यात खर्च केले. पराग नाकात घातले, डोळ्यात घातले, जिभेला आणि ओठांना लावून पाहिले. डोळे सुजले, घसा लाल झाला, एखाद्या वेळी दम्यासारखी धाप लागली. तरी वहीत नोंद चालूच. कोरीव काम शिकलेल्या बोटांना बारीक काम करायची आणि बारीक पाहायची सवय होती, ती इथे उपयोगी पडली असे आम्हास वाटते. गवताच्या परागांनी सर्वांत जास्त त्रास होतो असे त्यांना आढळले.

यातला एक प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात कायमचा राहिला. त्यांनी नश्तराने आपल्या दोन्ही हातांवरची कातडी जराशी खरवडली. एका हातावर रायग्रास जातीच्या गवताचे ओले केलेले पराग ठेवून वर पट्टी बांधली. दुसऱ्या हातावर पराग न घालता तशीच ओली पट्टी बांधली. थोड्याच मिनिटांत पराग लावलेल्या हाताला खाज सुटली, मग तिथे पित्ताची गांधी उठावी तशी गांधी उठली आणि सूज बराच वेळ टिकली. दुसरा हात जशाचा तसा. आज आपण ॲलर्जीच्या दवाखान्यात गेलो की परिचारिका हातावर निरनिराळ्या द्रवांचे थेंब टाकून सुईने टोचते आणि पंधरा मिनिटांनी कुठे गांधी उठली ते मोजपट्टीने पाहते. त्या चाचणीचे मूळ या मँचेस्टरच्या घरात आहे. त्यात मिठाच्या पाण्याचा एक थेंब तुलनेसाठी असतो, त्याचेही मूळ तिथेच.

पराग नाकात घातला की रोग होतो, एवढे सिद्ध झाले. पण हवेत तेवढा पराग असतो का? आणि शिंकांचा हंगाम त्याच्याशी जुळतो का? ब्लॅकली यांनी काचपट्ट्यांना ग्लिसरीन घातलेला चिकट लेप लावला, पाऊस लागू नये आणि वारा मात्र लागावा अशा बेताने त्या उघड्या हवेत, माणसाच्या श्वासाच्या उंचीवर मांडल्या, आणि दर चोवीस तासांनी काढून सूक्ष्मदर्शकाखाली एक चौरस सेंटिमीटर जागेवरचे कण एकेक करून मोजले. दवाखाना सांभाळून दररोज! मेअखेर कण दिसू लागत, जूनमध्ये चढत, पाऊस पडला की एकदम उतरत, आणि जुलै सरता सरता जवळजवळ नाहीसे होत. २८ जून १८६६ या दिवशी त्यांनी एका चौरस सेंटिमीटरवर ८८० कण मोजले. त्याच वहीत त्यांनी स्वतःच्या त्रासाचीही नोंद ठेवली होती. कण चढले की त्रास चढे, उतरले की उतरे. शहराच्या दाट वस्तीत कण बरेच कमी मिळत, मोकळ्या शेताकडे पुष्कळ.

पण मग शेतापासून लांब राहणाऱ्यांना, एवढेच काय पण कधी कधी समुद्रावर जहाजात असणाऱ्यांना रोग कसा होतो? याचे उत्तर शोधायला डॉक्टरांनी चक्क पतंग उडवले. संक्रांतीला आपल्याकडे उडतात तसले कागदी नव्हेत, चांगले दांडगे, सहा सहा फुटी. एका पतंगाला दुसरा जोडून त्यांनी ते हजार-दीड हजार फुटांवर नेले. बरोबर चिकट काचपट्टी. खाली श्वासाच्या उंचीवर दुसरी तशीच काचपट्टी. पतंग उतरवून मोजले तेव्हा वरच्या काचेवर खालच्यापेक्षा कितीतरी पट जास्त कण होते. प्रयोगांच्या एका मालिकेत तर जवळजवळ एकोणीस पट. पराग आपल्या पायाशीच पडून राहत नाही, तो वाऱ्याच्या वरच्या थरात चढतो आणि मैलोन्मैल जातो, हे त्या मांज्याच्या टोकाला कळले. आम्ही या चरित्रातले जे जे वाचले त्यात आम्हाला सर्वांत आवडलेला प्रसंग हाच. चाळिशी उलटलेला, प्रतिष्ठित, दाढीमिशीचा व्हिक्टोरियन डॉक्टर शेतात उभा राहून मांजा गुंडाळतो आहे, आणि ज्याने आपल्याला शिंका येणार ते आभाळातून खाली ओढतो आहे!

एक कोडे मात्र त्यांना सुटता सुटेना. गवत कापणारा शेतकरी दिवसभर परागात बुडालेला असतो. त्याला हा रोग सर्वांत जास्त व्हायला हवा. प्रत्यक्षात होत असे उलट. रोगी सापडत ते वकील, धर्मोपदेशक, डॉक्टर, शहरातले शिकलेले लोक. शेतकऱ्यांत तो क्वचितच. शेतात राबणाऱ्याला सवय होऊन तो निर्ढावतो, की शिक्षणाने आणि शहरी राहणीने माणसाची प्रकृतीच हळवी होते? ब्लॅकली यांनी दोन्ही शक्यता मांडल्या. शहरे वाढत जातील आणि शिक्षण पसरत जाईल तसतसा हा रोगही वाढेल, असा अंदाजही त्यांनी केला.

हा अंदाज किती खरा ठरला ते आपण पाहतोच आहोत. बॉस्टॉक यांच्या २८ रोग्यांच्या देशात आज लक्षावधी लोक जूनमध्ये शिंकतात. कारणांबद्दल अजून चर्चा चालते. १९८९ साली डेव्हिड स्ट्रॅकन या संशोधकाने मार्च १९५८ मध्ये जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांची माहिती तपासली, तेव्हा असे दिसले की, ज्यांच्या पाठीवर पुष्कळ वडील भावंडे होती त्यांना हे फीवर कमी. भावंडांकडून लहानपणी येणारे सर्दी-पडशाचे आजार बहुधा संरक्षण देत असावेत, असे त्यांनी सुचवले. धुळीत, गुरांत, भरल्या घरात वाढलेले मूल आणि बंद खोलीत एकटे वाढलेले मूल यांत फरक पडतो, या विचाराला तेव्हापासून जोर आला. ज्या मंडळींचे बालपण गावच्या गोठ्याशेजारी गेले त्यांनी यावरून फार फुशारून जाऊ नये. ते बाधलेले आम्ही पाहिले आहेत.

१८७३ साली ब्लॅकली यांनी आपले सारे प्रयोग पुस्तकरूपाने लंडनला प्रसिद्ध केले. पुस्तक चार्ल्स डार्विन यांच्याकडेही गेले. फुलांचे पराग कीटक कसे नेतात यावर ज्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे घालवली, त्या डार्विन यांना परागाचा एवढासा कण माणसाच्या कातडीला आणि नाकाडोळ्यांना इतका त्रास देऊ शकतो याचे मोठे आश्चर्य वाटले. त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी ब्लॅकली यांना पत्र लिहून तसे कळवले. छापखान्यातून डॉक्टर झालेल्या माणसाला यापरता मोठा मान कोणता?

पण मायदेशातल्या वैद्यक मंडळींनी या पुस्तकाची म्हणावी तशी दखल घेतली नाही. एक तर लेखक होमिओपॅथ. दुसरे म्हणजे विषय शिंकांचा. पटकी आणि क्षय माणसे नेत असताना सुखवस्तू लोकांच्या नाकाची चौकशी कोण करणार? शिवाय सारे जग तेव्हा जंतूंच्या शोधाने भारले होते. जर्मनीतले थोर शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ हेही याच रोगाचे रोगी. त्यांना आपल्या नाकातल्या स्रावात सूक्ष्म जंतू दिसले, म्हणून ते नाकात क्विनीनचे पाणी सोडत आणि गुण येतो म्हणत. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दापुढे मँचेस्टरच्या एका दवाखान्यातली वही कोण उघडणार? ब्लॅकली कोणाशी भांडत बसल्याचे दिसत नाही. १८८० साली त्यांनी पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती काढली आणि रोग टाळता कसा येईल याचाही तीत विचार केला. खात्रीचा औषधोपचार त्यांना मिळाला नाही. कारण हाती लागले आणि उपाय मात्र लागला नाही, ही रुखरुख डॉक्टर म्हणून त्यांना लागली नसेल असे आम्हाला वाटत नाही. त्यांचे रोगी तर उपायासाठीच येत असणार.

अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेत मॉरिल वायमन नावाचे दुसरे एक डॉक्टर अशाच वाटेने चालले होते. त्यांचा रोग जूनमध्ये नव्हे, ऑगस्ट-सप्टेंबरात येई, आणि त्यांनी दोष दिला रॅगवीड नावाच्या तणाला. थंड डोंगरावर, जिथे त्रास होत नसे, तिथे त्यांनी या तणाचे पार्सल मागवून हुंगले आणि शिंका ओढवून घेतल्या! त्यांचे पुस्तक १८७२ सालचे, म्हणजे ब्लॅकली यांच्या आधी एकच वर्ष. हे रॅगवीड आपल्या गाजर गवताच्या जातकुळीतले. पुण्याच्या आसपास १९५० नंतरच्या दशकात जे गवत प्रथम लोकांच्या नजरेस आले, ज्याला लोकांनी काँग्रेस गवत असे नाव पाडले आणि ज्याने कित्येकांच्या अंगाला खाज आणि नाकाला धार लावली, तेच हे. प्रत्येक मुलखाचा पराग वेगळा. नाकाची तक्रार एकच.

डॉ. ब्लॅकली १९०० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी वारले. त्यानंतर मात्र चक्रे भराभर फिरली. १९०३ साली हँबर्गच्या डनबार यांनी परागाचेच कारण पुन्हा ठामपणे मांडले. १९०६ साली व्हिएन्नाच्या फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात लेनर्ड नून यांनी टिमथी गवताच्या परागाचा अर्क काढून रोग्यांना त्याच्या अगदी थोड्या मात्रेपासून वाढत जाणाऱ्या सुया दिल्या, आणि रोग्यांची सहनशक्ती वाढली. परागात काहीतरी विष असते अशी नून यांची समजूत होती. ती चुकीची निघाली, उपचार मात्र टिकला. आजही गवताच्या परागाच्या सुया आणि जिभेखाली ठेवायच्या गोळ्या देतात. नून स्वतः १९१३ साली क्षयाने गेले आणि काम त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी पुढे नेले. शेतकरी परागाला निर्ढावत असेल ही जी शंका ब्लॅकली यांनी बोलून दाखवली होती, तिच्याच दिशेने हा उपचार गेला, असे म्हणायला हरकत नाही.

शरीरात नेमके काय घडते याचा उलगडा व्हायला १९६६ साल उजाडले. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने रक्तातला तो विशिष्ट प्रतिद्रव्याचा प्रकार शोधून काढला. पराग पहिल्यांदा नाकात जातो तेव्हा काही होत नाही. हळव्या प्रकृतीचे शरीर त्याला शत्रू समजून त्याच्यासाठी ही प्रतिद्रव्ये तयार करते, आणि ती नाकाडोळ्यांतल्या ठरावीक पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या हंगामात पराग आला की त्या पेशी फुटाव्यात तशा रिकाम्या होऊन हिस्टामीन नावाचे द्रव्य ओततात, आणि नाक सुरू होते. आमच्या त्या गृहस्थांना पाचव्या उन्हाळ्यात का त्रास झाला ते आता कळेल. त्यांच्या ओळखीचे गवत निराळे होते. इथल्या गवताशी शरीराची ओळख व्हायला आणि ओळखीचे वैर व्हायला चार हंगाम लागले. पाण्याचा काही दोष नव्हता.

हवेतले पराग मोजायला आता चिकट काचपट्टी मांडून ठेवत नाहीत. १९५२ साली हर्स्ट यांनी हवा ओढून घेणारे यंत्र बनवले; त्याच घडणीच्या यंत्रात आज हवा आत येते आणि कण घड्याळाच्या गतीने सरकणाऱ्या चिकट पट्टीवर बसतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे काम मात्र अनेक ठिकाणी अजून माणसेच करतात. त्यावरून उन्हाळ्यात हवामानाच्या बातम्यांबरोबर परागांचा अंदाज सांगतात. एक घनमीटर हवेत गवताचे ५० कण झाले की इथे प्रमाण ‘जास्त’ म्हणतात आणि १५० झाले की ‘फार जास्त’. ब्लॅकली यांच्या ८८० शी या आकड्यांची तुलना करता येत नाही. त्यांचे कण होते दिवसभरात काचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर येऊन चिकटलेले, आणि हे आहेत घनमीटरभर हवेतले.